वाहत्या नदीकाठीही लोटाभर पाणीच

रोज्यात पाणी समोर असते, घसा कोरडा पडलेला असतो, तरीही रोजेदार ग्लासाला हात लावत नाही. पाणी मिळत नाही म्हणून नव्हे, तर मिळत असूनही थांबायचे म्हणून. सहरीपासून इफ्तारपर्यंत हा संयम कोणी शिकवावा लागत नाही. मात्र इफ्तारनंतर इशा आणि तरावीहच्या नमाजसाठी मशिदीत गर्दी होते, वजूखान्यातले नळ एकाच वेळी सुरू होतात आणि दिवसभर थेंबासाठी थांबलेल्या माणसाच्या हातून बादलीभर पाणी सहज वाहून जाते.

वजू म्हणजे नमाजपूर्वीची शुद्धी. हात, तोंड, नाक, चेहरा आणि कोपरापर्यंत बाहू धुवायचे, ओल्या हाताने डोक्याचा मसह करायचा आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय धुवायचे. कोणताही अवयव तीनपेक्षा जास्त वेळा धुणे नापसंत मानले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एक ‘मुद्द’ पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये नोंदले आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ भरेल एवढे माप, आजच्या हिशेबाने पाऊण लिटरच्या आत. अंघोळीला ते साधारण तीन लिटर पाणी वापरत. वजू करताना जास्त पाणी वापरणाऱ्या एका सहकाऱ्याला त्यांनी टोकले, तेव्हा त्याने विचारले की वजूतही उधळपट्टी होते का? होते, अगदी वाहत्या नदीच्या काठी बसला असलास तरी, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले.

ही शिकवण अरबस्तानच्या वाळवंटातली असली, तरी ती नदीकाठच्या माणसालाही लागू केलेली आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरसाठी ती म्हणूनच महत्त्वाची. या पट्ट्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोरड्या छत्रपती संभाजीनगरात तो सातशेच्या आसपास असतो. तरीही उन्हाळ्यात इथल्या अनेक वस्त्यांत नळ कधी येईल याची वाट पाहिली जाते आणि सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात.

हा विरोधाभास 2019 मध्ये ठळकपणे दिसला. त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता आणि उल्हास खोऱ्यातल्या शहरांत पाणीकपात सुरू होती. ईद होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच 27 जुलैला त्याच उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले. सुमारे एक हजार प्रवाशांना बोटींच्या मदतीने बाहेर काढावे लागले. पाणी कमी पडते ते पाऊस कमी म्हणून नाही. चार महिन्यांत आलेले पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी कसे साठवायचे आणि कसे वापरायचे, हा खरा प्रश्न आहे.

उन्हाळ्यात उल्हास वाहती राहते, त्यामागेही साठवण आहे. आंध्रा धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून वीज निर्माण करून या नदीत उतरते. दुसरा आधार बारवी धरणाचा. एमआयडीसीने 1972 मध्ये बांधलेल्या या धरणाची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आणि साठा सुमारे 340 दशलक्ष घनमीटरवर गेला. उल्हासनगरची तहान प्रामुख्याने याच पाण्यावर भागते. मात्र उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातल्या कुटुंबांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली. पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. इस्लाममध्ये दुसऱ्याने सोपवलेल्या वस्तूला ‘अमानत’ म्हणतात आणि तिचा गैरवापर हा विश्वासघात मानतात. ज्यांच्या अंगणावर आज धरणाचे पाणी उभे आहे, त्यांची अमानत रोज सकाळी शहरांच्या नळातून येते.

दुसरीकडे जवळची नदी हातची गेली आहे. अंबरनाथच्या डोंगरातून निघणारी वालधुनी शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. 1060 मध्ये मंदिर उभारणाऱ्यांना हा काठ पवित्र वाटला होता. 2014 च्या अखेरीस याच नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले. त्यातून उठलेल्या वायूमुळे उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. जवळचे पाणी नासले की दूरच्या धरणावर भार वाढतो, एवढा हा सरळ हिशेब आहे.

पाण्याची कदर कोणा एका धर्माची नाही. उल्हासनगर वसवणाऱ्या सिंधी समाजाचे आराध्य झुलेलाल हे जलदैवत. त्यांच्या नावाने ‘चालिहो’ म्हणजे चाळीस दिवसांचे व्रत पाळले जाते. सिंधमध्ये मुस्लिमही त्यांना जिंदा पीर म्हणून मानतात. कोरड्या मुलखात तर पाण्याचा मान कृतीतून दिसतो. मलिक अंबरने सतराव्या शतकात औरंगाबादेत नहर आणली. तिथल्या पाणचक्कीत दुरून मातीच्या नळांतून आलेले पाणी आधी जाते फिरवी, फकीर आणि प्रवाशांसाठी पीठ दळून देई आणि मग हौदात साठे. हौदाखालच्या दालनाला त्याच पाण्याने गारवा मिळे. एका पाण्याची इतकी कामे होत.

मशिदींना हा धडा सहज गिरवता येईल. नळ मिनिटाला 6 लिटर सोडत असेल आणि वजूला 2 मिनिटे लागली, तर 12 लिटर जातात. लोट्याने वजू 2 लिटरमध्ये आरामात होते. तरावीहला 300 नमाजी असतील, तर एका रात्रीत 3 हजार लिटर वाचतात. तीस रात्रींत 90 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 9 टँकर. वजूचे वापरलेले पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण ते नापाकही नसते. वेगळ्या नळीने ते झाडांना, स्वच्छतागृहाच्या टाकीला किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. छतावरचे पावसाचे पाणी बोअरवेलजवळ जिरवता येते. मंदिर, दरबार, शाळा आणि सोसायटी यांनाही हाच हिशेब लागू आहे. गच्चीवरची भरून वाहणारी टाकी कोणाच्याच धर्मात बसत नाही.

चांद्रवर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान मे महिन्यातून मागे सरकत फेब्रुवारी-मार्चपर्यंत आला आहे. या दिवसांत धरणात अजून पाणी असते आणि कपातीची झळ लागलेली नसते. पुरेसे असताना हात आखडता घेणे, हाच तर रोजा. तहानलेल्याला पाणी पाजणे ही मोठी सदका मानली जाते. ईदनंतरच्या एप्रिल-मेमध्ये नळाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबाला एक हंडा जास्त मिळावा म्हणून आज वाचवलेले पाणी याच खात्यात जमा होईल. त्यासाठी वेगळी वर्गणी काढायची गरज नाही, वजूला बसताना नळ थोडा कमी सोडला तरी पुरे.