हुकली तं रिंग वापस भेटते का?

देवरीच्या चौकातून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून सहा नंबरच. नागपूरकडून आलेले ट्रक इथे चहाला थांबतात आणि पुढे छत्तीसगडच्या हद्दीत शिरतात. अशाच एका टपरीवर ग्लास विसळणाऱ्या पोराला मी सहज विचारलं, काय करतोस?

"मी उद्योजक आहे जी," तो म्हणाला. "फक्त धंदा सुरू व्हायचा आहे."

थट्टा वाटली, पण त्याने हात पुसून मोबाईलवर प्रमाणपत्राचा फोटो काढून दाखवला. शेळीपालनाचं प्रशिक्षण, दहा दिवसांचं. शेळी एकही नव्हती. "पस्तीस टक्के सबसिडी आहे," असं मात्र त्याने दोनदा सांगितलं. उद्योजक आधी आणि धंदा मागाहून, हा क्रम काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून मार्चअखेरीस पुन्हा देवरी गाठली आणि ओळखीने एका उद्योजकता वर्गात मागच्या सतरंजीवर जाऊन बसलो.

वर्ग दहाचा. भरला साडेअकराला. उशिराचं कारण खोलीत शिरताक्षणीच नाकाला कळलं. बाया पहाटे चारपासून बॅटरी घेऊन मोह वेचत होत्या, तिथून घरी, घरून इथे. मोहफुलाचा तो गोडसर, किंचित आंबूस वास त्यांच्या पदराला, केसांना, टोपलीच्या चुंबळीला चिकटलेला. दिवसभर पंखा फिरत राहिला तरी तो हलला नाही. फळ्यावर लिहिलं होतं, 'उद्योजक कसे बनावे'. ज्यांनी पहाटेपासून आठ-दहा किलो माल गोळा करून अंगणात वाळत टाकला होता, त्या तो फळा वाचत होत्या.

ओळख, चहा, नावनोंदणी, सगळं यथासांग झालं. मग खेळ आला.

जमिनीवर एक खुंटी, समोर खडूच्या रेघा. जवळच्या रेघेवरून रिंग टाकून खुंटीत अडकवली तर गुण कमी, लांबून अडकवली तर जास्त. चार रिंगा, आणि उभं कुठे राहायचं ते ज्याने त्याने ठरवायचं. उद्योजकता शिकवणाऱ्या वर्गांत हा खेळ देशभर खेळतात. डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून तो आला. अगदी जवळ उभा राहणारा भित्रा, फार लांब उभा राहणारा जुगारी आणि मधली रेघ पकडणारा उद्योजक, असा त्याचा हिशेब. हाच माणूस १९६४च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाड्याचे व्यापारी हैदराबादच्या संस्थेत आणून त्यांच्या मनात 'काहीतरी करून दाखवायची' ओढ लावता येते का, ते तपासत होता. दहा-दहा दिवसांचे वर्ग. नंतर ते लोक जास्त खटपट करू लागले, नवे धंदे काढू लागले, असं त्याने डेव्हिड विंटरसोबत १९६९च्या पुस्तकात मांडलं. आपल्याकडच्या बहुतेक उद्योजकता वर्गांचं मूळ तिथपर्यंत जातं.

एक गोष्ट मात्र वर्गात कुणी सांगत नाही. काकीनाड्याची ती माणसं आधीपासून धंद्यातली होती. दुकान होतं, गल्ला होता, उधारीची वही होती. रिंग हुकली तरी घरी गल्ला शाबूत.

चिचगडकडच्या एका बाईंची पाळी आली. रिंग हातात घेऊन त्या रेघांकडे बघत राहिल्या. मग प्रशिक्षकांना विचारलं, "सर, हुकली तं रिंग वापस भेटते का जी?"

सगळे हसले. सरही हसले. "खेळ आहे ताई, टाका बिनधास्त." बाईंनी सगळ्यांत जवळची रेघ धरली, चारही रिंगा खुंटीत घातल्या आणि जागेवर येऊन बसल्या. सरांनी वहीत खूण केली. कसली, ते मला माहीत आहे.

दुपारी कर्जाचा तास. इथे पस्तीस टक्के पुन्हा भेटले. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात गावातल्या महिलेला, आदिवासी किंवा इतर मागास अर्जदाराला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं. शहरात तेच २५. २०२२पासूनच्या नियमांत ग्रामपंचायत म्हणजे गाव आणि नगरपालिका-नगरपंचायत म्हणजे शहर. देवरीला नगरपंचायत आहे. म्हणजे गिऱ्हाईक असलेल्या चौकात दुकान टाकलं तर २५ आणि जिथे दिवसाला चार माणसं फिरकतात त्या टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, टाकलं तर ३५. हे ऐकून दोन पोरांनी तिथल्या तिथे आपलं दुकान चौकातून उचलून मामाच्या गावी नेलं. इच्छा कशी घडते ते मी समोर बघत होतो.

सरांनी हिशेब फळ्यावर मांडला. पाच लाखांचा प्रकल्प. स्वतःचे पाच टक्के, म्हणजे २५ हजार. बाकी बँक देणार. अनुदान पावणेदोन लाख, पण ते बँकेतच तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहणार, धंदा चालू दिसला तर नंतर कर्जात वळतं होणार. चिचगडच्या बाई पुन्हा बोलल्या, "मंग पस्तीस टक्के आपल्या हातात येतच नाही?" या वेळी कुणी हसलं नाही. मला शाळा आठवली. तिथेही ३५ला पास करत आणि पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

अशा वर्गांत ऐकू येणारा 'इनक्युबेटर' हा शब्द धंद्याला चिकटला त्याची गोष्ट मजेची आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावात शेतीअवजारांचा मोठा कारखाना बंद पडला. जोसेफ मॅन्कुसो यांच्या कुटुंबाने ती इमारत घेतली आणि १९५९पासून लहान धंद्यांना तुकड्यातुकड्याने भाड्याने दिली. एक भाडेकरू कोंबडीची पिल्लं उबवणारा होता. त्यावरून मॅन्कुसो गमतीने सगळ्या इमारतीलाच उबवण यंत्र म्हणू लागले. पण यंत्र असो की खुडूक कोंबडी, अंडं कितीही दिवस उबेला ठेवलं तरी ते फळलेलं नसेल तर पिल्लू निघत नाही. कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी एक कागद फिरला. स्वतःचा उद्योग सुरू करण्याची इच्छा आहे का? सगळ्यांनी 'हो'वर खूण केली. युरोपातल्या विद्यार्थ्यांवर असे अभ्यास झाले आहेत. लंडन-ग्रेनोबलच्या २००७च्या अभ्यासात इच्छा वाढलेली दिसली, आणि ती शिकवलेल्या माहितीपेक्षा कुणीतरी चेतवल्यामुळे वाढली होती. नेदरलँड्समधल्या २०१०च्या अभ्यासात उलटं झालं. कार्यक्रमानंतर पोरांची इच्छा कमी झाली. सरांना हे सांगितलं तर ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे कमी झालेली चालत नाही. फॉर्मात तसा रकानाच नाही."

माणूस चांगला होता. वर्गापेक्षा पाठपुराव्याला गावोगाव फिरणारी त्याची मोटारसायकल मला महत्त्वाची वाटली. १९८२ला कर्नाटकात उजिरे इथे, धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट व कॅनरा बँकांच्या साथीने अशा प्रशिक्षणाची जी संस्था निघाली, तिच्याच धर्तीवर पुढे जिल्ह्याजिल्ह्यात बँकांच्या आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, उभ्या राहिल्या. त्या पद्धतीत प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो. खरी ऊब असली तर ती या दोन वर्षांत. आणि इच्छेची उणीव या तालुक्यात मला तरी दिसली नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाल्यावर इथल्या ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या, बोली लावणाऱ्या ठेकेदारांसमोर बसल्या. त्यांना कुणी रिंग टाकायला लावली नव्हती. जंगलावर हक्क आला आणि पाठोपाठ धंदा आला.

पुढच्या वर्षी मोह लागला तेव्हा सरांच्या मागे बसून चिचगडच्या बाजूला गेलो. बाईंचं अंगण आधी वासानेच सापडलं. वर्गात त्यांनी मसाला-पापडाचा प्रकल्प लिहिला होता, कारण यादीत तो होता. अंगणात पापड नव्हते. ओसरीवर नवा इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि तीन बाया टोपल्या घेऊन रांगेत बसल्या होत्या.

बाई कोचिया झाल्या होत्या. टोल्यावरचा मोह गावातच विकत घ्यायचा, कोरडा करून ठेवायचा, भाव चढला की काढायचा. मोह साठवण्यावरचे आणि नेण्या-आणण्यावरचे निर्बंध राज्याने २०२१ला उठवले, तेव्हापासून घरात पोतं दिसलं तरी धास्ती नाही. बँकेत त्या गेल्याच नाहीत. बचत गटातून वीस हजार उचलले, त्यातला पहिला खर्च काट्याचा. जुना कोचिया तराजूत पासंग मारायचा म्हणून.

"अन् पस्तीस टक्के?" मी विचारलं.

"ते राहू द्या जी बँकेतच."

सरांनी फॉर्म काढला. भांडवलाच्या रकान्यात 'स्वतःचे' लिहिलं. व्यवसायाच्या प्रकारापाशी पेन थांबलं. मोहफूल खरेदी यादीत नव्हती. मसाला-पापड लिहू का, असं त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी काय सांगणार? तेवढ्यात बाईंनी पुढची टोपली ओढली, काटा रिकामा करून शून्य आल्याचं समोरच्या बाईला दाखवलं आणि मगच त्यात मोह ओतला.