पाबळचा विज्ञान आश्रम

पुण्याच्या सदाशिव पेठेत राहणाऱ्या विद्यार्थ्याला विद्येसाठी दूर जावे लागत नाही. शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये, सारे काही घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असते. परंतु दुष्काळी गावात जन्मलेल्या आणि शाळा मध्येच सुटलेल्या मुलाने कोठे शिकावे? पुस्तकात ज्याचे मन रमत नाही, त्याला बुद्धीच नाही असे समजावे काय? ह्या प्रश्नांचे एक उत्तर पुण्यापासून सुमारे साठ-सत्तर किलोमीटरांवरील एका खेड्यात पाहावयास मिळते.

शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव इतिहासात मस्तानीच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे. हा भाग पर्जन्यछायेचा असल्यामुळे येथे पाऊस थोडा व बेभरवशाचा. अशा ह्या गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. डॉ. कलबाग हे शास्त्रज्ञ होते. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईस एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात अनेक वर्षे काम केले होते. ते सुखाचे जीवन सोडून ते पाबळला आले आणि २००३ साली निधन होईपर्यंत ह्याच कार्यात राहिले.

त्यांचा विचार साधा होता. लहान मूल चालायला शिकते ते चालूनच, बोलायला शिकते ते बोलूनच. मग पुढील शिक्षणात हातांना विश्रांती का द्यावी? म्हणून आश्रमात वर्षभर राहून शिकण्याचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे चार विभाग आहेत : लोहकाम, सुतारकाम व बांधकाम यांचा पहिला, वीज व ऊर्जेचा दुसरा, शेती व पशुपालनाचा तिसरा आणि गृह व आरोग्याचा चौथा. विद्यार्थ्याला हे चारही विभाग शिकावे लागतात. कोणी विचारील, एकाच कामात तरबेज का होऊ नये? शहरात सांधकाम करणाऱ्यास रोज सांधकाम मिळते, खेड्यात मात्र तसे नसते. आज फाटक जोडावयाचे, उद्या पंप दुरुस्त करावयाचा, परवा गोठा बांधावयाचा. ज्याला अनेक कामे येतात, त्याचाच खेड्यात निभाव लागतो.

येथील शिक्षण गावाच्या गरजेशी कसे जोडलेले आहे, हे पाण्याच्या उदाहरणावरून कळेल. आपल्याकडील काळ्या खडकात पाणी सर्वत्र नसते, ते भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. चुकीच्या जागी विहीर खणली, तर कर्ज काढून उभा केलेला पैसा मातीत जातो. आश्रमाने भूजल शोधण्याची शास्त्रीय रीत विद्यार्थ्यांना शिकविली. चार लोखंडी सळया एका रेषेत जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून विजेचा प्रवाह सोडतात व आतील दोन सळयांमधील विद्युतदाब मोजतात. कोरडा, अखंड खडक प्रवाहाला फार विरोध करतो, तर पाणी धरलेला खडक कमी. सळयांमधील अंतर वाढवीत गेले, म्हणजे अधिक खोलीचा अंदाज मिळतो. ह्या मोजमापामुळे पाणी हमखास लागेलच असे नाही, पण आंधळेपणाने खणण्यापेक्षा धोका पुष्कळ कमी होतो.

आश्रमाचे दुसरे प्रसिद्ध काम म्हणजे त्रिकोणांनी बनलेला घुमट. चार काठ्यांची चौकट एका कोपऱ्याशी दाबली तर तिरकी होते, परंतु तीन काठ्यांचा त्रिकोण आपला आकार सोडीत नाही. म्हणून थोड्या लोखंडात हलकी व बळकट इमारत उभी राहते. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. हलक्या घराचे मोल अशा वेळी कळून येते.

मात्र ह्या शिक्षणाचे खरे मर्म निराळेच आहे. विद्यार्थी केवळ सराव म्हणून वस्तू करीत नाही. गावातील माणूस काम सांगतो व त्याचे पैसेही देतो. फाटक वाकडे झाले, तर शेतकरी ते नेणार नाही. अशा वेळी वहीवरील गुण उपयोगी पडत नाहीत, माप पुन्हा घ्यावे लागते. आणि काम साधले, म्हणजे ज्याला 'नापास' म्हणून हिणविले होते, त्याच मुलाला लोक आपल्या घरी आदराने बोलावतात.

हीच पद्धती पुढे अनेक शाळांत गेली. तेथे मुले आठवड्यातून एक दिवस अशी कामे शिकतात. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची प्रयोगशाळाही पाबळला आली. जगातील अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक होय.

विद्या शहरात असते आणि श्रम खेड्यात, अशी वाटणी आपण नकळत करून ठेवली आहे. पाबळच्या कार्यशाळेत ती टिकत नाही. तेथे कोन मोजणारा हात आणि लोखंड कापणारा हात एकाच मुलाचा असतो, आणि त्याच्या कामाची पारख त्याचे गावच करते.