माळ्यावरची कॅसेट आणि लिलावातला मारिओ

वाशीत सिडकोनं बांधलेल्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामं करायचं म्हटलं की आधी माळा उतरवला जातो. ज्या घरात १९९०च्या दशकात शाळकरी मुलं होती, त्या घराच्या माळ्यावर पितळेच्या भांड्यांमागे पुष्कळदा एक टीव्ही गेम सापडतो: पिवळी पडलेली प्लास्टिकची पेटी, वायरी गुंडाळलेले दोन रिमोट आणि दोन-चार कॅसेटी. भंगारवाला हे सगळं जुन्या मिक्सर आणि पंख्यासोबत वजनावर घेऊन जातो. याच नवी मुंबईत जुने व्हिडिओ गेम जमवण्याचा छंद असलेली मंडळीही राहतात, आणि त्यांना जपानहून किंवा अमेरिकेहून एक कॅसेट मागवायला काही हजार रुपये मोजावे लागतात. हा छंद महाग होत चालला आहे, ही त्यांची तक्रार खरी आहे. पण महागाईचं कारण म्हणून जी दुर्मिळता सांगितली जाते, ती मला पटत नाही. या बाजारात भाव मिळतो तो वस्तूची कुणी नोंद ठेवली असेल तर. ज्याची नोंद अमेरिकेत झाली ते महागलं, आणि ज्याची कुठेच झाली नाही ते आपल्या माळ्यांवरून थेट भंगारात चाललं आहे.

दुर्मिळतेचा मुद्दा आधी तपासून पाहू. जुलै २०२१मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली, म्हणजे तेव्हाच्या दरानं जवळपास साडेअकरा कोटी रुपयांना. १९९६च्या या गेमच्या एक कोटीहून अधिक प्रती जगभर खपलेल्या आहेत. म्हणजे गेम दुर्मिळ नव्हता. दुर्मिळ होतं ते कधीच न उघडलेलं खोकं, आणि त्यावर लावलेला दर्जाचा आकडा. वाटा नावाची कंपनी खोकं तपासून त्याला गुण देते आणि ते पारदर्शक पेटीत बंद करते. त्यानंतर ते खोकं खेळायचं उरत नाही, शेअरसारखं धरून ठेवायचं होतं. सर्वांत जुन्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची सीलबंद प्रत जुलै २०२०मध्ये १ लाख १४ हजार डॉलरना गेली होती, एप्रिल २०२१मध्ये अशीच दुसरी प्रत ६ लाख ६० हजारांना गेली. नऊ महिन्यांत त्या गेममध्ये काही बदललं नव्हतं. बदलले होते ते खरेदीदार. टाळेबंदीत घरी बसलेल्यांच्या हातात आलेला पैसा आणि गुंतवणुकीची हाव एकत्र आली. हे भाव मुद्दाम फुगवले गेले, असा आरोप करणारा दावाही पुढे अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल झाला. लिलावातला असा आकडा बातमीत आला की त्याचा धक्का खालपर्यंत पोहोचतो. खोकं नसलेली, घासलेली साधी कॅसेट विकणाराही आपला भाव वाढवून बघतो.

आपल्याकडे या भावावर आणखी थर चढतात. पहिला थर रुपयाचा. २०१० साली डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. २०२४ संपताना तो पंच्याऐंशीच्या वर गेला. म्हणजे शंभर डॉलरच्या वस्तूचा भाव अमेरिकेत जराही वाढला नसता, तरी इथल्या गिऱ्हाइकाला ती साडेचार हजारांऐवजी साडेआठ हजारांना पडली असती. दुसरा थर सीमाशुल्काचा आणि जीएसटीचा. पूर्वी परदेशातला आतेभाऊ किंवा मित्र लहानसं पार्सल भेट म्हणून पाठवायचा आणि त्याला सवलत मिळायची. त्या सवलतीचा व्यापारी गैरवापर फार झाला आणि डिसेंबर २०१९मध्ये औषधं आणि राखी वगळता ती बंद करण्यात आली. तिसरा थर नियमांचा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली आला, तेव्हा त्याच्या पहिल्याच यादीत व्हिडिओ गेम होते, आणि अशी नोंदणी नसलेल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू बाहेरून आणता येत नाहीत. परदेशातला ई-कचरा आपल्या बंदरांवर ओतला जाऊ नये हा त्यामागचा हेतू योग्यच आहे, आणि ज्या शहराच्या शेजारी न्हावाशेवा बंदर आहे त्यानं तरी तो नाकारू नये. पण त्यामुळे हौसेनं एकच जुनं यंत्र मागवणाऱ्यालाही ते पोहोचेल की अडकेल याची धास्ती बाळगावी लागते, आणि विकणारा ती जोखीम किमतीतच धरतो.

मुळात हे बाहेरून मागवावं का लागतं, हा यातला खरा प्रश्न आहे. अमेरिकेत किंवा जपानमध्ये संग्राहकाला जवळच्या जुन्या बाजारात अस्सल वस्तू सापडते, कारण ती तिथल्या घराघरांत होती. आपल्याकडे ती आलीच नाही. १९९५मध्ये शॉ वॉलेस कंपनीनं सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात अधिकृतपणे विकायला सुरुवात केली, तेव्हा आयातीवर ८० टक्के कर होता आणि यंत्राची किंमत होती १८,००० रुपये. पगारदार घराचे कित्येक महिन्यांचे पैसे त्यात गेले असते. मग घराघरांत पोहोचली ती निंटेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या त्या यंत्राचं काम एकदोन स्वस्त चिपांवर बसवून वेगवेगळ्या नावांनी अनेक यंत्रं विकली गेली. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, स्टेशनबाहेरच्या दुकानांत आणि खेळण्यांच्या दुकानांत ती मिळायची, आणि कॅसेटवर ‘६४ इन १’पासून ‘९९९९९९९ इन १’पर्यंत काहीही छापलेलं असायचं. मारिओ, काँट्रा, डक हंट हे खेळ महाराष्ट्रातल्या एका पिढीनं असेच खेळले. मूळ कॅसेट त्या पिढीतल्या फार थोड्यांनी पाहिली असेल. आज तीच पिढी चाळिशीत आहे, हातात पैसा आहे, आणि लहानपण परत आणायला ती मूळ जपानी किंवा अमेरिकी प्रत मागवते. म्हणजे जी वस्तू आपल्या घरात कधी नव्हती, तिच्यासाठी आपण सर्वाधिक पैसे मोजतो आहोत.

यंत्र घरात आलं म्हणजे खर्च संपला असंही नाही, आणि खाडीकाठच्या शहरात तर नाहीच. कॅसेटचे स्क्रू काढून आतली पट्टी बाहेर घेतली की खालच्या कडेला साठ टोकं ओळीनं दिसतात; फॅमिकॉमच्या कॅसेटला तेवढीच असतात. वाशी-नेरुळच्या पावसाळी हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅसेटीत या टोकांवर हिरवट थर चढलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून घासलं की बोळा काळा पडतो आणि खालचा तांबूस-सोनेरी रंग वर येतो. खेळ चालू झाला नाही की कॅसेट काढून जोरात फुंकायची, हा तेव्हाचा घराघरातला उपाय होता. त्या फुंकरीतल्या ओलाव्यानं ही टोकं उलट गंजत गेली. जपानी कॅसेटच्या पट्टीवर चौकोनी चिपा बसवलेल्या दिसतात. आपल्याकडच्या नकलेत मात्र पट्टीच्या मधोमध काळ्या राळेचा एक गोल थेंब असतो, आणि चिप त्याच्याखाली कायमची गाडलेली असते. ती बिघडली तर दुरुस्ती नाही. डक हंटची बंदूक तर जुन्या काचेच्या टीव्हीखेरीज चालतच नाही. सपाट टीव्हीसमोर ती आंधळी होते. त्यामुळे हा छंद नीट करायचा तर एक जड टीव्हीही सांभाळावा लागतो, आणि वन-बीएचकेमध्ये त्याला जागा देणं हा खर्चच आहे.

यावर सरळ विचारलं जातं की एवढा खटाटोप कशाला? हे सगळे खेळ मोबाइलवर इम्युलेटर टाकून फुकट खेळता येतात. नुसतं खेळायचं असेल तर ते म्हणणं बरोबर आहे, आणि सीलबंद खोक्यासाठी कर्ज काढणाऱ्याला मीही तेच सांगेन. पण त्यात दोन अडचणी आहेत. आपल्या कॉपीराइट कायद्यानं संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत धरला आहे आणि साहित्यकृतीचं संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतं. तेव्हा ही फुकटची वाट कायद्यानं मोकळी झालेली नाही. कायदेशीर वाट म्हणावी तर तीही अरुंद आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१०पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकतच मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निंटेंडोनं आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. इम्युलेटर खेळ वाचवतो, वस्तू वाचवत नाही. ती काळी राळ, तो चुकीच्या स्पेलिंगचा रंगीत कागद, एका कॅसेटवरचे लाखो खेळ मोजले तर वीस-पंचवीस निघायचे ती फसवणूक, यातलं काहीच फाइलीत येत नाही. आणि आपल्या बाबतीत इतिहास आहे तो यातच, कारण मारिओ जपानचा होता आणि ही नक्कल आपली.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे. भाव चढला म्हणूनच लोक वस्तू जपतात, तेव्हा महागाईला दोष कशाला द्यायचा? हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि अमेरिकेतल्या पोटमाळ्यांवरच्या कितीतरी कॅसेटी या भावानंच वाचवल्या. पण भाव वाचवतो फक्त त्यालाच, ज्याला भाव आहे. आपण हे एकदा अनुभवलेलंही आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले आणि त्यांतले जेमतेम तिसाच्या घरात आज कुठल्या ना कुठल्या रूपात उरले आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं, तोवर उशीर झाला होता. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात किंमत उरली नव्हती; किंमत होती ती फिल्मवरच्या चांदीला, आणि तेवढ्यासाठी रिळंच्या रिळं नष्ट झाली. पहिला बोलपट ‘आलम आरा’ही आज कुठे उपलब्ध नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या भंगाराच्या गोदामात जाणाऱ्या सर्किटलाही असाच भाव येतो, तांब्याचा आणि टोकांवरच्या सोन्याच्या पातळ मुलाम्याचा. २०२२च्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेम खेळणी आणि करमणुकीच्या गटात नोंदलेले आहेत. त्या यादीचं काम वस्तू नीट मोडली जाईल हे पाहण्याचं आहे. त्याआधी कुणी एक नग बाजूला काढून ठेवावा, असं सांगणारी यादी आपल्याकडे नाही.

म्हणून महागाईनं हैराण झालेल्या संग्राहकाला माझं सांगणं असं, की नजर आपल्याकडच्याच वस्तूंकडे वळवावी, आणि ती फक्त नकलेवर थांबवू नये. कारण आपला म्हणावा असा काळ नकलेपाशी संपत नाही. २००९मध्ये हैदराबादच्या ऑरोना कंपनीनं प्लेस्टेशन २साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ तयार केला. प्लेस्टेशन २ची विक्री पुढे १६ कोटींपर्यंत गेली, आणि त्या यंत्राच्या अखेरच्या वर्षांत आपल्याकडचे खेळ त्यावर आले. त्याच सुमारास ‘देसी अड्डा’ आला. २०१०मध्ये मुंबईच्या ट्राइन स्टुडिओचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. त्याही आधी, १९९९ साली मुंबईत सुरू झालेल्या इंडियागेम्सनं बटणांच्या फोनसाठी खेळ बनवले. त्यांना तर कॅसेटही नव्हती; ते फोनबरोबरच गेले, आणि ज्या ड्रॉवरमध्ये असा एखादा फोन अजून पडून असेल त्याची बॅटरी फुगायला लागलेली असेल. परदेशी याद्यांत यांतल्या बहुतेकांची दखल नाही, म्हणून भाव नाही, म्हणून आज ते अगदी थोड्या पैशांत जमवता येतात. जमवताना मात्र एक काम वाढतं. नकली यंत्रांवर बहुधा बनवणाऱ्याचं नाव नसतं आणि सालही नसतं, त्यामुळे ते यंत्र कुठल्या दुकानातून आणि कितीला घेतलं, टीव्हीला जोडायला कुठलं चॅनल लावावं लागायचं, हे ज्याच्या घरातून ते निघालं त्यालाच विचारून चिठ्ठीवर लिहावं लागतं आणि ती चिठ्ठी खोक्यात ठेवावी लागते. वाशीतली माणसं पुनर्विकासात भाड्याच्या घरी पांगायच्या आत हे विचारलेलं बरं.