गाडी तापली, पण इंजिन वाचलं का?

माजरी-भद्रावती पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात खाणींची कोळशाची धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते, हवा आरपार जात नाही आणि गाडी तापते. मग पाणी ओतायचं, गाडी चालू झाली की निघायचं. मित्रांनो, कृपया असं करू नका. इंजिन चालू झालं म्हणजे ते शाबूत आहे, असं नाही.

बहुतेक गाड्यांचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ते खालच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ते वाकतं आणि हेड गॅस्केट फुटतं.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. डिपस्टिकवर दुधी फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. कूलंट भरून इंजिन चालू केल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, तर सिलिंडरचा वायू आत शिरतोय. सायलेन्सरचा पांढरा, गोडसर वासाचा धूरही गॅस्केट गेल्याचंच सांगतो. पण माझा सगळ्यात जास्त भरवसा कॉम्प्रेशन टेस्टवर आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम कमी आला, तर त्यांच्या मधलं गॅस्केट गेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

हेड उतरवलंच, तर पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने वाक मोजून घ्या. नुसतं गॅस्केट बदलून वाकलेलं हेड परत बसवू देऊ नका. आणि हो, कूलंट पूर्ण संपलं असेल तर सेन्सर हवेत राहतो, काटा कमी तापमान दाखवू शकतो.