डिंकात धरलेले रंग

फुलसावंगीच्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या भिंतीवर, दोन छायाचित्रे शेजारी शेजारी टांगलेली आहेत, आणि काळाबरोबर कलाही पुढे पुढेच जाते असा ज्यांचा दृढ समज असेल त्यांनी ती एकदा अवश्य पाहावीत. पहिले आजोबा-आजींचे. ते मूळचे कृष्णधवल. परंतु कोणा फोटोवाल्याने कापसाच्या बोळ्याने व बारीक कुंचल्याने आजोबांच्या फेट्यास केशरी, आजीच्या लुगड्यास हिरवा आणि दोघांच्याही गालांस, आजोबांची संमती न विचारताच, गुलाबी रंग चढविलेला आहे. दुसरे मधल्या काकांच्या लग्नातले, १९८० नंतरच्या दशकातले. म्हणजे ज्या काळी फिल्मचे रोल एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली करून शहरातील रंगीत लॅबकडे रवाना होत आणि आठ-पंधरा दिवसांनी पाकीट परत आले की सारी आळी ते पाहावयास लोटत असे, त्या काळातले. आज आजोबांचा फेटा केशरीच आहे. काकूंचा हिरवा शालू मात्र विटकरी झाला आहे, मांडवाची पाने तांबूस पडली आहेत, आणि सगळे वऱ्हाड होळीच्या उजेडात उभे असावे तसे दिसते.

याचे कारण गूढ नाही. कारखान्यातल्या रंगीत कागदाच्या थरांत पिवळा, किरमिजी आणि मोरपंखी निळा हे तीन रंग धुलाईच्या वेळी रसायनक्रियेनेच जन्मास येतात, आणि त्यांपैकी निळा हा त्या काळच्या कागदांत असा अल्पायुषी असे की ट्रंकेत, मिट्ट अंधारात जपलेले चित्रही विटत जाई. निळा गेला की मागे उरते ती लाली. या भिंतीपुढे उभे राहिले असता मला वारंवार वाटे, की रंगीत छाप हाताने काढण्याची जी जुनी विद्या होती, जिच्यात रंग कागदाच्या पोटी जन्मत नसून चिताऱ्याच्या रंगासारखा बाहेरून आणून प्रकाशाकरवी बसविला जाई, तिचा मागोवा एकदा घ्यावा.

तिचा उगम एका अर्धवट यशस्वी झालेल्या प्रयोगात आहे. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या पदार्थवैज्ञानिकाने एका चौकड्याच्या फितीची तीन छायाचित्रे, तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणीतून थॉमस सटनकडून घेवविलेली, त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक टाकून दाखविली, आणि फीत रंगीत दिसली. गंमत अशी की त्या वेळच्या छायाचित्रणाच्या काचांना तांबडा प्रकाश मुळी दिसतच नसे. फितीच्या तांबड्या भागातून परावर्तित झालेल्या, डोळ्यांस अगोचर अशा अतिनील किरणांनी ती उणीव भरून काढली होती, आणि हा उलगडा व्हावयास पुढे शंभर वर्षे जावी लागली. एका सत्य सिद्धान्तास असा खोट्या साक्षीदाराने हात दिला. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनज्ञास काचेच्या लेपात रंजक मिसळून तिची दृष्टी वाढविण्याची युक्ती सापडेपर्यंत हाताने रंगीत छाप काढणारा प्रत्येक मनुष्य अर्धा आंधळाच होता म्हणावयाचा.

पडद्यावरचा प्रकाश दिवा मालवताच नाहीसा होतो. तो कागदावर कसा उतरावा, याचे उत्तर १८६९ च्या सुमारास लुई द्यूको द्यू ओरों आणि शार्ल क्रो या दोन फ्रेंच गृहस्थांनी एकमेकांस न विचारता दिले. तांबड्या गाळणीच्या निगेटिव्हवरून निळा, हिरवीवरून किरमिजी आणि निळीवरून पिवळा असे छाप काढून ते एकमेकांवर अचूक बसवावेत, हे त्या उत्तराचे सार. द्यू ओरोंने १८७७ साली काढलेले अंगुलेम शहराचे दृश्य आजही आपले रंग राखून आहे. ते राखले याचे श्रेय सिद्धान्ताइतकेच एका साध्या गुणधर्मास आहे. सरस किंवा डिंक यांत बायक्रोमेट नावाचे नारिंगी लवण मिसळून तो लेप कागदावर वाळविला, तर जेथे ऊन लागेल तेथे तो पाण्यात न विरघळण्याइतका घट्ट होतो आणि जेथे सावली पडेल तेथे पाण्याबरोबर निघून जातो. १८५५ मध्ये आल्फोंस प्वातव्हँ याने त्या लेपात रंगाची भुकटी कालवली, आणि छायाचित्र हे चांदीचे न राहता काजळाचे, गेरूचे, निळीचे होऊ शकते हे सिद्ध झाले. सरसाच्या पद्धतीस 'कार्बन' हे नाव पडले. डिंकाची पद्धत 'गम बायक्रोमेट' म्हणून ओळखली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या रोबेर दमाशीसारख्या हौशी कलावंतांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली.

डिंक हा शब्द वाचून आमच्या मुलखातील माणूस थबकल्याखेरीज राहत नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातील रानांत साग आहे, पळस आहे, धावडा आहे, आणि शेतांच्या बांधांवर बाभळी आहेत. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडतो, बाभळीचा कागद चिकटवावयास जातो. ग्रंथांतून जो डिंक सांगितला आहे तो आफ्रिकेतला, काचेसारखा स्वच्छ. आमच्या बाभळीचा किंचित तांबूस, आणि त्यामुळे पिवळ्या छापास मळकट झाक येते, हे मी स्वानुभवाने सांगतो. धावड्याचा तर पाण्यात पुरता विरघळतच नाही, फुगून बसतो. तरीही डिंक आमच्या रानात, कापूस आमच्या शेतात आणि ऊन आमच्या डोक्यावर असताना ही विद्या आमच्या गावच्या वेशीपर्यंत कधी पोहोचली नाही.

मराठी मुलखात ती आली खरी, पण सरकारी दप्तराच्या वाटेने. त्याच बायक्रोमेटच्या गुणधर्मावर आधारलेली, नकाशांची छायाचित्रे जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापण्याची पद्धत पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याने एकोणिसाव्या शतकात चालविली, आणि मुंबई इलाख्यातील मौज्यांचे नकाशे, बांध-शिवारांच्या रेघा, सर्व्हे नंबरांचे आकडे तिच्यातून बाहेर पडले. ज्या प्रकाशाने पॅरिसमध्ये पहाटेचे धुके रंगविले त्याने येथे जमीन मोजली. दुसरी वाट त्र्यंबकेश्वरच्या, पुढे चित्रपटकर्ते म्हणून गाजलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांची. बडोद्याच्या कलाभवनात शिकत असता प्राचार्य गज्जर यांनी त्यांस तीनरंगी ठसे आणि अंधारखोलीतील छपाई शिकण्यासाठी रतलामला पाठविले. पुढे राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, १९०८ मध्ये स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनी गाठली. चित्रपटाच्या ओघात आपण हे विसरतो, की फाळक्यांचे हात प्रथम रंग वेगळे करण्यात व पुन्हा जुळविण्यात तयार झाले होते. चित्रपटाच्याच बाबतीत १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करण्याचे धाडस केले, प्रती जर्मनीत काढविल्या, आणि रंग मनाजोगे उतरले नाहीत.

पश्चिमेकडे मधल्या काळात पुष्कळ घडले. १९०५ मध्ये टॉमस मॅन्लीने ब्रोमाइडच्या छापावर सरसाचा रंगीत कागद दाबून, उन्हाची गरजच न ठेवता, रंग उठविण्याची पद्धत काढली. तीच सुधारून १९१९ पासून 'कार्ब्रो' म्हणून नावारूपास आली. १९४६ मध्ये कोडॅकची 'डाय ट्रान्सफर' पद्धत आली. तीत सरसाचे तीन उठावदार पापुद्रे तीन रंगांत भिजवून एकामागून एक कागदावर दाबीत, आणि तिचे साहित्य १९९४ च्या सुमारास मिळेनासे झाले. ही सगळी माणसांच्या हातांची कामे होती. एका छापास दिवस लागत, आणि म्हणूनच ती जाहिरातीपुरती व श्रीमंतांपुरती राहिली. जी पद्धत तासात शंभर प्रती देते तिच्याशी या विद्येने स्पर्धा करावी ही अपेक्षाच अन्यायाची होय.

आमच्याकडील मोफसल स्टुडिओंनी यापैकी काहीच न करता तिसराच मार्ग धरला. उटीच्या कारखान्याचा 'इंदू' कागद असो की परदेशी, त्यावर कृष्णधवल छाप काढावा आणि ग्राहकास विचारून, किंवा न विचारता, वरून रंग भरावा. त्या रंगास सत्याचा दावा नव्हता; आजीचे लुगडे हिरवेच होते असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. परंतु खालची चांदी नीट धुतलेली असल्याने ती टिकली, आणि तिच्या आधाराने वरचा रंगही टिकला. मी याला हीन मानीत असे. आता मानीत नाही.

गेल्या मार्गशीर्षात, ऊन सौम्य आणि हवा कोरडी असताना, मी स्वतः एक तीनरंगी डिंक-छाप काढला. वैशाखात हे करू नये. उष्म्याने बायक्रोमेटचा लेप अंधारातही आपोआप घट्ट होतो आणि काहीच धुऊन निघत नाही. ते लवण विषारी आहे, हातमोज्यांवाचून त्यास शिवू नये, आणि त्याचे पाणी विहिरीच्या आसपास मुळीच ओतू नये. कागद प्रथम गरम पाण्यात भिजवून आकसून घेतला, कारण तीन वेळा भिजताना तो जर वेगवेगळा ताणला तर रंग एकमेकांवर बसत नाहीत. कोपऱ्यांत टाचण्या रोवून जागा धरली. आधी पिवळा, मग किरमिजी, शेवटी निळा. प्रत्येक वेळी छाप तोंड खाली करून पाण्यावर सोडावयाचा आणि थांबावयाचे. निळा थर सुटू लागला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

विषय साधाच निवडला होता : वेचणीला आलेले कपाशीचे शेत, बांधावरची बाभूळ आणि तिच्याखाली बांधलेला बैल. जुन्या लाकडी कॅमेऱ्यापुढे तीन गाळण्या बदलावयास मला मिनिटभर लागले असेल. बोंडे पांढरी उतरली, बाभूळ हिरवी, माती आमची आहे तशी काळी. बैल मात्र माश्या वारीत होता. त्याचे अंग एक, पण शेपट्या तीन आहेत : एक पिवळी, एक किरमिजी, एक निळी.