‘अहा!’चं बटण

‘मुलगी रोज दोन-दोन तास ऑनलाइन व्याख्यानं मन लावून ऐकते, पण आठवड्याने विचारलं तर निम्मंही सांगता येत नाही. मग या शिकण्याचा उपयोग काय?’ असं एका पालकांनी विचारलं आहे. उपयोग आहे, आणि मोठा आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला नामवंत प्राध्यापकाचं व्याख्यान हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा ऐकता येतं, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण या माध्यमाची खरी ताकद ऐकणाऱ्याला मध्येच अडवून प्रश्न विचारण्यात आहे, आणि नेमकी तीच आपण वापरत नाही.

हार्वर्डमधल्या कार्ल श्पुनार, नोव्हाल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी 2013 मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. संख्याशास्त्राचं 21 मिनिटांचं व्हिडिओ व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. एका गटाने प्रत्येक तुकड्यानंतर त्यावरचे प्रश्न सोडवले. दुसऱ्याने तेच प्रश्न उत्तरांसकट नुसते वाचले. तिसऱ्याला व्याख्यानाशी संबंध नसलेली अंकगणिताची उदाहरणं दिली. मधूनच विचारणा व्हायची, आत्ता लक्ष व्याख्यानात होतं की दुसरीकडे? तिसऱ्या गटाचं मन 41 टक्के वेळा भरकटलेलं निघालं, नुसतं वाचणाऱ्यांचं 39 टक्के आणि सोडवणाऱ्यांचं फक्त 19 टक्के. सोडवणाऱ्यांनी टिपणंही जवळपास तिप्पट काढली आणि शेवटच्या चाचणीत गुणही जास्त मिळवले. उत्तरं समोर असूनही वाचणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही, हे मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आणि ‘आठवड्याने’ का आठवत नाही? 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा वाचायला लावला. इतरांनी तो एकदा वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारेच पुढे होते. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61 टक्के. विहिरीचा उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात, उपसा थांबला की गाळ धरतो. स्मरणाचंही तसंच आहे. व्याख्यान ऐकताना विहीर भरल्यासारखी वाटते, पण पोहरा टाकेपर्यंत पाणी किती आहे ते कळत नाही.

हे सगळं यंत्रावर करता येईल, हे ज्याने फार लवकर ओळखलं त्या डोनाल्ड बिट्झरचं नाव आपल्याकडे जवळजवळ कुणी घेत नाही. 1960 साली इलिनॉय विद्यापीठात वय वर्षं 26 असलेल्या या विद्युत अभियंत्याने ‘प्लेटो’ ही शिकवणारी यंत्रणा उभी केली. संगणक होता इलियाक, सुमारे 2,800 निर्वात नळ्यांचा, पाच टन वजनाचा, आणि एका वेळी शिकणार एकच विद्यार्थी! समोर दूरचित्रवाणीचा पडदा आणि बटणांची पाटी. उत्तर टंकलं की बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळायचं. अडलं तर ‘मदत’चं बटण दाबायचं, की मूळ धडा सोडून यंत्र सोप्या पायऱ्यांच्या आडवाटेने नेई. त्या वाटेवर मध्येच डोक्यात प्रकाश पडला तर? त्यासाठी वेगळं बटण होतं, ‘अहा!’ ते दाबलं की विद्यार्थी थेट मूळ प्रश्नावर परत. समजण्याचा क्षण प्रत्येकाचा वेगळा असतो, हे मानून पाटीवर त्यासाठी जागा ठेवणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

पुढे एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांना शिकवायचं तर तितके पडदे हवे होते. चित्र पुन्हा पुन्हा रेखायला लागणारी स्मृती तेव्हा भयंकर महाग होती. म्हणून 1964 मध्ये बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी एकदा पेटलेला ठिपका आपणहून पेटता ठेवणारा, नारिंगी उजेडाचा प्लाझ्मा पडदा शोधून काढला. पुढे घराघरांत गेलेल्या सपाट प्लाझ्मा टीव्हीचा जन्म असा शिकवण्याच्या गरजेतून झाला. 1972 च्या सुमारास तर प्लेटोच्या पडद्याला बोट लावून उत्तर देता येत होतं.

एवढं हाताशी असताना 2012 मध्ये जगभर गाजावाजा झाला तो नोंदणीच्या आकड्यांचा. एमआयटीच्या पहिल्या मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमाला दीड लाखांवर नावं आली, उत्तीर्ण झाले सात हजारांच्या आसपास. ते सात हजारही कौतुकास्पदच. पण दर आठवड्याचा गृहपाठ आणि परीक्षा पार करून ते तिथवर पोचले, ही बाब त्या गाजावाजात हरवली.

आपल्या आयआयटींच्या ‘एनपीटेल’च्या अभ्यासक्रमांना नाव नोंदवणं आणि शिकणं मोफत आहे, शुल्क फक्त परीक्षेचं. अनेक जण व्हिडिओ पाहतात आणि साप्ताहिक स्वाध्याय टाळतात. खरं तर त्या स्वाध्यायांचा अंतिम गुणांत साधारण 25 टक्के वाटा असतो. मुलीला कोर्स निवडून देताना व्याख्याता किती प्रसिद्ध आहे हे नंतर पाहा. दर पाच-सात मिनिटांनी प्रश्न येतो का आणि चुकल्यावर का चुकलं ते सांगितलं जातं का, हे आधी तपासा. तशी सोय नसेल तर व्हिडिओ थांबवून, वही मिटून, आतापर्यंत काय ऐकलं ते तिला लिहायला सांगा.