तोंडाला पाणी सुटतं, पण कुठून?

सांगलीचं भडंग मूठभर तोंडात टाकलं आणि पाण्याच्या घोटाशिवाय सहज गिळता आलं, तर लाळग्रंथी आपलं काम नीट करताहेत असं समजायला हरकत नाही. डॉक्टरही हेच विचारतात: कोरडा घास गिळताना पाणी लागतं का? उत्तर ‘हो’ आलं, की घरचे एकच निदान करतात, ‘पाणी कमी पितोस, दुसरं काय!’ अंगातलं पाणी कमी झालं तर तोंड सुकतं, हे खरंच आहे. पण दिवसभर तांब्या जवळ ठेवूनही ज्यांच्या तोंडाची कोरड जात नाही, त्यांचं दुखणं निराळं असतं.

लाळ म्हणजे रक्तातून गाळून आलेलं पाणी, ही मुळातली चुकीची समजूत. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८५१ च्या सुमारासच ती मोडीत काढली. मज्जातंतू चेतवून त्यांनी लाळेच्या नळीतला दाब मोजला, तर तो धमनीतल्या रक्तदाबापेक्षा जास्त भरला. नुसतं गाळून आलेल्या पाण्याला एवढा दाब येणं शक्य नाही. पेशी स्वतः कष्ट करून लाळ बाहेर काढत होत्या.

हे कष्ट मिठाचे आहेत. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं, तोच नियम इथे चालतो. लाळेची पेशी रक्ताच्या बाजूने क्लोराइड आत ओढून साठवते. मेंदूकडून इशारा आला की पेशीतलं कॅल्शियम एकदम वाढतं, तोंडाकडच्या बाजूचं क्लोराइडचं दार उघडतं, मागोमाग सोडियम जातं आणि त्यांच्यामागे पाणी. वाटेत नळ्या त्यातलं बरंचसं मीठ परत शोषून घेतात, म्हणून लाळ रक्ताइतकी खारट लागत नाही. दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ अशी तयार होते.

आता प्रश्न कॅल्शियमचा. पेशीच्या आतला साठा काही क्षणांत संपतो, पण जेवण तर चांगलं वीस मिनिटं चालतं. मग पुढचं कॅल्शियम येतं कुठून? डॉ. इंदू आंबुडकर यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग या प्रश्नाला दिला. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय दंत व मुख संशोधन संस्थेत त्या स्रावक्रियेवर काम करणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या. आतला साठा रिकामा झाल्याची खबर स्टिम-१ हे प्रथिन देतं आणि मग पेशीच्या आवरणातली दारं उघडून बाहेरचं कॅल्शियम आत येतं. त्यातलं एक दार टीआरपीसी-१. ते नसलेल्या उंदरांना लाळ कमी सुटते, हे त्यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. एवढ्या बारक्या दाराची दखल का घ्यायची, असं कुणाला वाटेल. पण याच कामातून पुढे जे हाती आलं, ते सातारा-सांगलीकडच्या रुग्णांच्या फार जवळचं आहे.

या भागात तंबाखू-चुना आहेच, शिवाय गावोगाव बायका मिश्री लावतात. मिश्रीने दात घट्ट राहतात, असं सांगितलं जातं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. कॅन्सर झाला की कराड-मिरजेच्या वाऱ्या सुरू होतात, अनेकांना रेडिएशन घ्यावं लागतं आणि त्यानंतर भाकरीचा तुकडाही घशाखाली उतरत नाही. ‘ग्रंथी जळून गेल्या, आता काही होणार नाही’ असं मानून माणसं गप्प बसतात.

मोठ्या मात्रेने पेशी मरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळी हानी तेवढ्यानेच होत नाही. आंबुडकर यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की टीआरपीएम-२ हे दुसरं दार नसलेल्या उंदरांची लाळ रेडिएशननंतर आटली, पण महिन्याभरात बरीचशी परत आली. २०१७ च्या कामात कारण उलगडलं: रेडिएशननंतर याच दारामुळे स्टिम-१ प्रथिनच तुटतं आणि कॅल्शियमचा रस्ता बंद होतो. ते प्रथिन पुन्हा पुरवल्यावर उंदरांना परत लाळ सुटू लागली. म्हणजे ग्रंथीत पेशी शिल्लक होत्या, पण त्यांचं काम थांबलं होतं. हे अजून माणसांवरच्या उपचारापर्यंत पोचलेलं नाही. तरीही ‘सगळं संपलं’ ही समजूत सोडून द्यायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

‘वय झालं, तोंड सुकणारच’ हेही असंच. संशोधक ब्रूस बॉम यांनी १९८१ मध्ये निरोगी माणसांच्या कानाजवळच्या ग्रंथीची (गालगुंडात सुजते ती) लाळ मोजली, तेव्हा वयाप्रमाणे ती घटलेली दिसली नाही. म्हाताऱ्यांचं तोंड सुकतं ते बऱ्याचदा औषधांमुळे: सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पण सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात, म्हणून दंतवैद्यही लवकर गाठावा. रेडिएशन घ्यायचं असेल तर लाळग्रंथी शक्य तेवढ्या वाचवता येतील का, हे आधीच विचारावं. आणि ग्रंथीत पेशी शिल्लक असतील तर पायलोकार्पिनसारखं औषध त्यांना कामाला लावू शकतं. त्याने घाम फार येतो आणि दम्याच्या रुग्णांना ते जपूनच द्यावं लागतं.